उजव्या बाजूला

तिसऱ्या गाण्यात, हेडफोन लावलात तर,
उजव्या कानात बारीक टकटक ऐकू येईल.
ते वाद्य नाही.
तो सेंट बार्नबसचा बॉयलर,
आणि तो बंद करायचं काम माझं होतं.
लिअँडरनं तीनदा विचारलं.
तीनदा म्हणालो, केलाय.

मी सोळा वर्षांचा.
ब्याण्णवच्या जुलैत सरकारनं समुद्र बंद केला,
म्हणजे कॉडची मासेमारी; पण आम्ही समुद्रच म्हणायचो.
समुद्र होता तिथेच,
उसने नेऊन विसरलेल्या माणसासारखा दारात उभा.
विडोज टिकलच्या धक्क्यावर होड्या पालथ्या झाल्या,
आणि ज्याच्या मिठाला पाचशे वर्षं जागलो
त्या माशाचं नाव उरलं फक्त रविवारच्या वाचनात:
पाच भाकरी, दोन मासे.
"दोन तरी होते त्यांच्याकडे," मागच्या बाकावरून एब्राम हान म्हणाला.
सगळे हसले.
पाद्रीही, जरा उशिरा.

तिथून सुरू झाली ती रेकॉर्ड.
लिअँडर पार्डीनं बोटीचं रडार विकून अ‍ॅम्प्लिफायर आणला.
ऊना कीपिंगनं अकरा वर्षं कारखान्यात मासे चिरले होते;
ड्रमवर बसली तेव्हा
तिच्या मनगटांना थांबणं ठाऊकच नव्हतं.
आणि एब्राम बेस वाजवायचा नांगर सोडल्यासारखा:
आधी दोर,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग तळ.

थोमाचं गाणं आहे त्यात.
तो जखमेत बोट घालतो आणि बोटाला खवले लागतात.
पेत्राचं आहे. शेकोटीपाशी एक बाई विचारते,
तू त्यांच्यातलाच ना?
तो म्हणतो, छे, मी आता वेल्डिंगचा कोर्स करतोय.
(कोर्स खरा होता. माझ्या बापानंही केला.
हे गाणं पहिल्यांदा लागलं तेव्हा तो उठून बाहेर गेला,
सिगारेटचं पाकीट टेबलावरच ठेवून.)

कव्हर ऊनाच्या ड्रुसिला मावशीनं रंगवलं:
पिवळ्या रेनकोटातला येशू जाळं विणतोय,
तळहाताच्या भोकातून सुतळी ओवून.
डोळे तिरळे झालेत. मावशीला डोळे कधीच जमले नाहीत.

पाचशे छापल्या. एकसष्ट खपल्या.
देवाच्या रेडिओवाल्यांना त्यात गोंगाट फार होता,
गोंगाटवाल्यांना देव.
उरलेले खोके लिअँडरच्या शेडमध्ये,
वर मोटबोटीचं इंजिन ठेवायला उपयोगी पडले.

शेवटचं गाणं म्हणजे नुसती मोजणी.
थडग्यातून उठलेला तो किनाऱ्यावर येऊन सांगतो,
होडीच्या उजव्या बाजूला टाकून बघा,
आणि जाळ्यात येतात एकशे त्रेपन्न.
कुणीतरी ते मोजले, हे मला फार आवडतं.
चमत्कार समोर उभा,
आणि एक जण ओल्या बाह्यांनी वाकून मोजतोय.
तो नक्की आमच्याकडचा.

ऊना तेवढे ठोके देते.
गिटार मध्येच सोडून जाते, बेस चाळीसच्या आसपास बुडतो,
उरते ती आणि तिचा हात.
मी मोजलेत. एकशे एक्कावन्न.
अल्बर्टाला, तेलाच्या कामावर जायच्या आदल्या रात्री
तिला विचारलं, बाकीचे दोन?
बॅगेची चेन ओढत म्हणाली,
तुला कधी मोजता आलंय?

परवा शेड पाडली.
तळाच्या खोक्यातली एक प्रत घरी आणली,
कडेनं पांढरी, खारवलेली.
सुई ठेवली. पुन्हा मोजले.
एकशे एक्कावन्नच.
मग, एरवी मी इथे उठून दिवा लावतो,
या वेळी बसून राहिलो.
टेप कुणी थांबवलेली नाही. खुर्ची सरकते.
एब्राम खोकतो, आता जो नाही.
आणि उजवीकडे, अगदी लहान,
टक.

मी श्वास धरतो.
अजून एक यायला हवी.
सुई आपली आपण उचलली जाते.